पास काढू, रिचार्ज करत राहू, की उपग्रहाची वाट पाहू?

दिवाळीत ताईकडे कराडला गेले होते. जेवणं झाल्यावर दाजींनी मोबाइल पुढे केला. टोलकपातीचे मेसेज एकाखाली एक लागलेले. “अगं, तो तीन हजारांचा पास काढू का? का ते सॅटेलाइटचं येतंय म्हणतात, तोवर थांबू?”

दाजींची घरची एक कार आहे आणि दोन टेम्पो. टेम्पो भाजी घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जातात. कार महिना-दीड महिन्यातून एकदा गावाबाहेर पडते. मी पुण्यात राहते, स्वतः गाडी चालवते आणि हाच रस्ता वर्षभर तुडवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी तिथल्या तिथे “काढा की” म्हणून मोकळी झाले. ते घाईचं उत्तर होतं. पुण्यात परतल्यावर वही घेऊन बसले, तेव्हा एकाच घरातल्या गाड्यांना वेगवेगळी उत्तरं निघाली. तो हिशेब इथे मांडते आहे, कारण हाच प्रश्न ऑफिसात, सोसायटीत, जिथे जाईन तिथे कानावर पडतो.

आधी रस्ता कोणाचा ते बघा

नाका दुरून सगळीकडे सारखाच दिसतो. खांब, छत, आडवी दांडी, वर लेनचा दिवा. पण त्याखालचा रस्ता केंद्राचा की राज्याचा, यावर सगळा हिशेब फिरतो.

१५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागलेला फास्टॅगचा वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. सुरू झाला तेव्हा किंमत ३,००० रुपये होती आणि मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅन यांना मिळतो. पुणे-कराड रस्त्यावरचे खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे हे तीन नाके राष्ट्रीय महामार्गावरचे. पुढे कोल्हापूरला जायचं तर किणीचा चौथा. इथे पासाचा उपयोग आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा. कारला एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये झाले, आणि वार्षिक पास तिथे चालत नाही. समृद्धी महामार्गावर नाही, अटल सेतूवरही नाही. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला: ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना तिथे टोलच नाही. म्हणजे ज्याचं वर्ष पुणे-मुंबई-पुणे करण्यात जातं, त्याने हा पास घेतला तर तो काचेवर नुसता शोभेला राहील. ही गोष्ट न कळल्यामुळे पास घेऊन बसलेले दोघेजण माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांना पैसे परत मिळालेले नाहीत. पास परत करता येत नाही, दुसऱ्या गाडीला लावताही येत नाही.

म्हणून पास घेण्याआधी एकच काम करा. राजमार्गयात्रा ॲप उघडा, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरचे नाके पास चालणाऱ्या यादीत आहेत का ते बघा, आणि मगच पुढचं वाचा.

मेसेज मोजा

पासाच्या जाहिरातीत एक आकडा सारखा दिसतो: ३,००० भागिले २००, म्हणजे नाक्याला १५ रुपये. आकडा खरा आहे, पण तो दोनशेच्या दोनशे फेऱ्या करणाऱ्याचा आहे. ‘फेरी’ म्हणजे काय हेही समजून घ्या. साध्या नाक्यावरून एकदा गेलात की एक फेरी संपली, परत आलात की दुसरी. कराड ते पुणे आणि परत म्हणजे सहा फेऱ्या खर्ची. दोनशेत असे तेहेतीस प्रवास बसतात. (जिथे चढताना नोंद आणि उतरताना कपात अशी बंद पद्धत आहे, तिथे चढण्यापासून उतरण्यापर्यंत मिळून एकच फेरी धरतात.)

आता फायदा कुठून सुरू होतो ते बघू. हिशेबाला सोपं म्हणून नाक्यामागे ९० रुपये धरते, तुमच्या मेसेजमधला आकडा तुम्ही घाला. ३,००० ला ९० ने भागलं की तेहेतीस-चौतीस येतात. म्हणजे वर्षात चौतीस वेळा नाका ओलांडला की पास वसूल. पण इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांत परत आलात तर जाण्यायेण्याचे मिळून दीडपटच पैसे लागतात. जाताना ९०, येताना ४५. सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्याला नाका सरासरी साडेसदुसष्ट रुपयांना पडतो आणि त्याचा पास चव्वेचाळीस-पंचेचाळीस वेळा ओलांडल्यावर वसूल होतो. मुक्काम करून येणाऱ्याला चौतीस पुरतात.

माझे वर्षभराचे मेसेज मोजले: सहासष्ट. मी बहुधा शुक्रवारी जाते आणि रविवारी येते, त्यामुळे परतीची सवलत मला लागत नाही. पास घेतला, आणि तो योग्यच ठरला. दाजींच्या कारचे मोजायला लावले तर राष्ट्रीय महामार्गावरचे निघाले अठ्ठावीस. बाकीचे द्रुतगती मार्गाचे, कारण भाचा ठाण्याला शिकतो. अठ्ठावीस नव्वदे म्हणजे फार तर अडीच हजार. त्यांना पास महाग पडला असता, आणि मी “काढा की” म्हणून बसले होते.

रोज नाका ओलांडणाऱ्यांचं गणित तर आणखी वेगळं. माझी एक मैत्रीण नाक्याच्या अलीकडच्या गावातून पलीकडच्या शाळेत जाते. रोज दोनदा. तिच्या दोनशे फेऱ्या शंभर दिवसांत संपतील. शाळेचे दिवस वर्षाला अडीचशेच्या आसपास धरले तरी अडीच पास, साडेसात हजार रुपये. तिच्यासाठी जुना, कोणी फारसा न सांगितलेला मार्ग आहे तो स्थानिक मासिक पासाचा. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला तो मिळतो. २०२५-२६ साठी तो महिना ३५० रुपये होता, म्हणजे वर्षाचे ४,२००. त्यातही नियमात एक अट आहे: जायला सेवारस्ता किंवा पर्यायी रस्ता असेल तर हा पास देत नाहीत. नाक्यावरच्या कार्यालयात आधार कार्ड आणि आरसी घेऊन जायचं आणि तो मागून घ्यायचा. मागितल्याशिवाय कोणी आपणहून देणार नाही.

टेम्पोचं गणित

टेम्पोला वार्षिक पास नाहीच. दाजींना हे माहीत नव्हतं. मला वाईट याचं वाटतं की रोज रस्त्यावर असणाऱ्या, नाशवंत माल वेळेत पोहोचवण्यासाठी रात्र जागणाऱ्या माणसाला सवलतीची माहिती सगळ्यात शेवटी मिळते.

त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, वर सांगितलेली २४ तासांची परतीची सवलत. दुसरी, एका नाक्याचा पन्नास फेऱ्यांचा मासिक पास, जो पन्नास एकेरी फेऱ्यांच्या दोन तृतीयांश किमतीत मिळतो. ऐकायला ३३ टक्के सूट फार मोठी वाटते. पण मांडून बघा. पन्नासचे दोन तृतीयांश म्हणजे सव्वातेहेतीस-साडेतेहेतीस फेऱ्यांचे पैसे. धाकटा टेम्पो महिन्यात साधारण वीस दिवस जातो. रात्री नऊला निघतो, पहाटे माल उतरतो, दुपारपर्यंत कराडात परत. वीस वेळा दीडपट म्हणजे तीस फेऱ्यांचे पैसे. त्याला पासापेक्षा परतीची सवलतच स्वस्त. थोरला टेम्पो आठवड्याची सुट्टी सोडून रोज जातो, महिन्याला पंचवीस वेळा. पंचवीस दीडपटीने साडेसदतीस, इथे मासिक पास स्वस्त. सीमा बावीस-तेवीस प्रवासांवर आहे. त्याखाली सवलत, त्यावर पास. आणि हा पास नाक्यागणिक वेगळा घ्यावा लागतो, हे विसरू नका.

महिन्याला बावीस की पंचवीस, एवढ्या फरकावर वर्षाला एका नाक्यामागे कितीतरी फेऱ्यांचे पैसे वाचतात. तीन नाक्यांचे तिप्पट. छोट्या वाहतूकदाराच्या दृष्टीने ही रक्कम टायरच्या जोडीइतकी होऊ शकते.

काचेवरचा टॅग कसा वाचला जातो, आणि कधी वाचला जात नाही

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. लेनवरच्या छताला लावलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींच्याच जोरावर टॅगमधली चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. म्हणून टॅग आरशामागे, काचेला नीट चिकटलेला हवा. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल, टॅगखाली हवेचे बुडबुडे असतील, कोपरा सुटून वर आला असेल, की वाचन चुकतं.

हे मी जवळून पाहिलं आहे. एका नाक्यावर माझा टॅग वाचला गेला नाही. दांडीजवळचा पोरगा हातातलं मशीन घेऊन आला, पंज्याने काच पुसली, मशीन काचेला टेकवलं. नाही. “मॅडम, थोडी मागं घ्या.” मागे ट्रक, त्याच्या मागे एसटी, दोघांचे हॉर्न. हातभर मागे घेतली, पुन्हा टेकवलं, टुक असा आवाज झाला आणि दांडी वर गेली. पुढच्या धाब्यावर चहाला थांबले तर मोबाइलवर दोन मेसेज, चार मिनिटांच्या अंतराने, एकाच नाक्याचे. वरच्या रीडरनेही वाचलं होतं आणि हातातल्यानेही. बँकेकडे तक्रार टाकली, दोन्ही मेसेजचे फोटो जोडले, आठवडे गेले, पण पैसे परत आले. रक्कम लहान होती. तरी मी पाठपुरावा सोडला नाही, कारण रोज लाखो गाड्या जातात तिथे प्रत्येकाने ‘जाऊ दे’ म्हटलं तर चूक कधी दुरुस्तच होत नाही. १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवा.

आणखी एक नियम पाठ असू द्या. तुमचा टॅग चालू आहे, त्यात पुरेसे पैसे आहेत आणि तरी नाक्याचं यंत्र बिघडल्यामुळे कपात होत नसेल, तर २०१८ च्या नियमाप्रमाणे तुम्हाला पैसे न देता जाऊ द्यायला हवं आणि शून्य रकमेची पावतीही द्यायला हवी. मात्र दोष तुमच्या टॅगचा असेल तर नोव्हेंबर २०२५ पासून रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट असा दर लागू झाला.

रिचार्ज करत राहण्याच्या बाजूने सांगायचं तर, साधा फास्टॅग सगळीकडे चालतो. १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या नाक्यांवरही तो सक्तीचा झाला आहे. पास घेतला तरी टॅग तोच राहतो आणि राज्याच्या रस्त्यांसाठी त्यात पैसे ठेवावेच लागतात. दोनशे फेऱ्या संपल्या की तो आपोआप पुन्हा साधा फास्टॅग होतो. त्यामुळे ‘पास की फास्टॅग’ असा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. फास्टॅग आहेच, त्यावर पास चढवायचा की नाही एवढंच ठरवायचं.

उपग्रहाचं काय?

आता दाजींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. वाट पाहायची का?

९ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या नियमांत बदल झाला आणि उपग्रहाधारित टोलला कायद्यात जागा मिळाली. गाडीत एक यंत्र बसवायचं, ते उपग्रहांच्या संकेतांवरून गाडी कुठे आहे ते ओळखणार आणि महामार्गावर जितकं अंतर कापलं तितकेच पैसे जाणार. त्यात एक गोड तरतूद आहे: दिवसाला प्रत्येक दिशेने पहिले २० किलोमीटर मोफत, फक्त राष्ट्रीय परवान्याच्या गाड्या सोडून. कर्नाटकात बेंगळुरू-म्हैसूर आणि हरियाणात पानिपत-हिसार या पट्ट्यांवर प्रयोगही झाले. मग बातमी पसरली की १ मे २०२५ पासून देशभर नाके जाणार. एप्रिलमध्ये मंत्रालयाला स्वतःहून खुलासा करावा लागला की असा निर्णय झालेला नाही.

म्हणून सरळ सांगते: उपग्रहाची वाट पाहत पास लांबवू नका. पासाची मुदत एक वर्षाची आहे, त्या वर्षात तुमचे पैसे वसूल होतात की नाही एवढंच बघा.

पण हा विषय इतक्यावर सोडवत नाही. नाक्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावातला शेतकरी बाजाराला जातो आणि पूर्ण पट्ट्याचा टोल भरतो, आणि दोन नाक्यांच्या मध्ये चढून मध्येच उतरणारा काहीच भरत नाही, हा अन्याय मी लहानपणापासून बघते आहे. अंतराप्रमाणे पैसे ही मागणी रास्तच आहे. आमच्याकडे टोल हा नुसता पैशांचा विषय कधीच नव्हता. कोल्हापूरकरांनी शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, एन. डी. पाटील सरांसारखा वयोवृद्ध माणूस रस्त्यावर उतरला आणि २०१५ मध्ये तो टोल रद्द झाला. ‘जेवढं वापरलं तेवढं भरू’ म्हणणाऱ्याला फुकटा म्हणता येत नाही.

मात्र त्यासाठी उपग्रहच हवा असं नाही, हे मला हिशेब करताना नीट उमगलं. समृद्धीवर आजही अंतराप्रमाणेच पैसे जातात. चढताना नोंद, उतरताना कपात. कारला सुरुवातीला किलोमीटरला १.७३ रुपये होते, एप्रिल २०२५ पासून २.०६ झाले. ७०१ किलोमीटर गेलात तर चौदाशेच्या वर, मध्येच सिन्नरला उतरलात तर तेवढ्याचेच. उपग्रह नाही, नवं यंत्र नाही, तोच काचेवरचा टॅग. हे जमतं कारण समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि चढायला-उतरायला मोजकीच ठिकाणं आहेत. पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता तसा नाही. तिथे दर दोन-तीन किलोमीटरवर गाव, फाटा, पेट्रोल पंप, सेवारस्त्याची तोंडं. प्रत्येक तोंडाशी नाका उभारता येत नाही. उपग्रहाची खरी गरज अशा उघड्या रस्त्यांना आहे.

आणि अडचणही नेमकी तिथेच. सेवारस्ता आणि महामार्ग यांच्यात कितीदा फक्त एक कठडा असतो. उपग्रहावरून काढलेलं ठिकाण चार-सहा मीटर इकडेतिकडे झालं, की मोफत रस्त्याने चाललेली गाडी टोलच्या रस्त्यावर दिसू शकते. उड्डाणपुलावर आहे की पुलाखाली, तेही वरून सहज कळत नाही. बोगद्यात संकेत पोचतच नाहीत. यंत्र मुद्दाम बंद ठेवलं तर? म्हणून उपग्रह घेतला तरी जागोजागी नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे लावावेच लागतात.

जर्मनीचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे ऑगस्ट २००३ ला सुरू व्हायचा उपग्रह टोल तांत्रिक अडचणींमुळे १ जानेवारी २००५ ला सुरू झाला, आणि तो फक्त १२ टन व त्यावरच्या ट्रकसाठी. ट्रकमधलं यंत्र उपग्रहावरून ठिकाण ओळखतं आणि मोबाइल नेटवर्कवरून माहिती केंद्राकडे पाठवतं. हळूहळू वजनाची मर्यादा खाली आणत २०२४ च्या जुलैमध्ये ते साडेतीन टनांच्या वरच्या मालवाहू गाड्यांपर्यंत आले. खासगी कार आजही त्यात नाहीत. वीस वर्षांत एवढं सावध पाऊल. बेल्जियमने २०१६ मध्ये ट्रकसाठीच सुरू केला, चेक प्रजासत्ताकाने २०१९ मध्ये मायक्रोवेव्ह लहरींनी टोल घ्यायची जुनी पद्धत सोडून उपग्रह घेतला, तोही जड वाहनांसाठीच. पोलंडने २०२१ मध्ये आणखी सोपं केलं, वेगळं यंत्र नको असेल तर चालकाने मोबाइलवर सरकारी ॲप चालू ठेवायचं. आपल्याकडे उपग्रह आला तर तो आधी टेम्पो-ट्रकांना लागू करणं शहाणपणाचं ठरेल असं मला वाटतं. दाजींना म्हणूनच सांगितलं, कारची चिंता करू नका, टेम्पोच्या बातम्यांकडे लक्ष ठेवा.

न थांबता, कमानीखालून

उपग्रहाच्या आधी जे दारात आलं आहे, ते हे: नाका नाही, दांडी नाही, रस्त्यावर आडवी कमान. तिच्यावरचे रीडर टॅग वाचतात, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात, गाडी वेगात निघून जाते. गुजरातमध्ये महामार्ग ४८ वर सुरत-भरूच पट्ट्यातल्या चोर्यासी नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये असा करार झाला. आपल्याकडे अटल सेतूवर जानेवारी २०२४ पासूनच गाड्या न थांबता टोल भरतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने पाय ब्रेकवर गेला होता. थांबायला काही नव्हतंच. पुढे पाण्यावर ऊन आणि मोबाइलवर २५० रुपयांचा मेसेज.

ही पद्धत तुमच्या निर्णयात दोन ठिकाणी येते. पहिलं, तिथे हुज्जत घालायला माणूस नाही. कपात झाली नाही तर ई-नोटीस घरी येणार, आणि ती भरली नाही तर टॅग बंद होण्यापासून वाहनाच्या नोंदीवर बोजा चढण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. दुसरं, तुमची नंबरप्लेट. ४१४१ चे ‘दादा’ करणारी प्लेट, देवनागरी आकड्यांची प्लेट, मागच्या चाकाच्या चिखलाने बरबटलेली टेम्पोची प्लेट, हे सगळं कॅमेऱ्याच्या वाचनाबाहेरचं आहे. नियमातली उच्च सुरक्षा प्लेट बसवून घ्या आणि ती पुसत जा. चुकीचं वाचन दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जातं. तो कोणीतरी उद्या आपणही असू शकतो.

वाहतुकीच्या शिस्तीसाठीही हेच डोळे वापरले जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कमानींवरचे कॅमेरे वेग, सीटबेल्ट, लेन मोडणं पकडतात. दोन कमानींमधल्या वेळेवरून सरासरी वेगही काढता येतो, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारण्यात अर्थ राहत नाही. बोरघाटात ज्यांनी उलटलेला कंटेनर पाहिला आहे, त्यांना या चलानांचा राग येऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे. दुसरीकडे, आपल्या खिशातला मोबाइल तर कधीपासून हे काम करतो आहे. नकाशावर घाटात लाल रेघ दिसते ती पुढे अडकलेल्या लोकांच्या फोनच्या हालचालीवरून. ती बघून आपण एक तास उशिरा निघतो. टोलच्या रांगेत न थांबल्याने जितका वेळ वाचतो, त्याहून जास्त या एका रेघेने वाचतो.

तुम्ही कुठे गेलात, हे कोणाकडे राहणार?

एका गोष्टीवर मी तडजोड करायला तयार नाही. फास्टॅगला तुम्ही नाका ओलांडला एवढंच कळतं. उपग्रहाच्या यंत्राला तुम्ही कोणत्या वळणावर, किती वाजता होतात ते कळू शकतं. ताई दवाखान्यात जाते, भाचा मित्राकडे थांबतो, कोणी सभेला जातं. ही माहिती टोलच्या हिशेबाला लागत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणाचा कायदा झाला, पण टोलच्या नोंदींसाठी वेगळं आणि स्पष्ट बंधन हवं. जर्मनीच्या टोल कायद्यात ही माहिती टोलखेरीज कशालाही वापरायची नाही असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे यंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा किमतीच्या आधी हे विचारा: ठिकाणाची माहिती गाडीतल्या यंत्रातच राहते की बाहेर जाते, किती दिवसांनी पुसली जाते, आणि चुकीची कपात झाली तर मार्गाचा पुरावा मला बघायला मिळेल का.

आमच्या घरात काय ठरलं

माझ्या कारला पास. दाजींच्या कारला साधा फास्टॅग. इलेक्ट्रिक कार घ्यायची चर्चा घरात चालू आहे आणि तिच्या बाजूने एक जमेची गोष्ट म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला राज्याने टोलमाफी दिली आहे. भाचा ठाण्यात असेपर्यंत तरी त्याचा फरक पडेल. धाकट्या टेम्पोला परतीची सवलत पुरते. थोरल्याला तिन्ही नाक्यांचे मासिक पास.

पास काढायला बसलो तेव्हा मात्र थोरल्या टेम्पोचा टॅग अजून चासी नंबरावरच नोंदलेला निघाला. गाडी नवी असताना लावला होता आणि नंबर आल्यावर तो बदलायचं राहून गेलं. शनिवारी कराडला जाते आहे. दाजींना आरसी काढून ठेवायला सांगितलं आहे, आणि येताना टेम्पोची नंबरप्लेट धुऊन तिचा फोटो घ्यायचा आहे.